चार नंबरचे राइट

दिवाळीच्या अंकासाठी घाटातल्या नोकरीच्या गमती लिहून द्या, असे संपादकांनी सांगितले आणि मी मोठ्या उत्साहाने हो म्हटले. लिहायला बसल्यावर कळले की माझ्याजवळच्या गमती दोन-तीन पानांत आटपतात, आणि मग जे उरते ते सणासुदीला वाचण्याजोगे नाही. पण हो म्हणून बसलो आहे. ज्यांना फराळाची चव बिघडवून घ्यायची नसेल त्यांनी म्हशींची गोष्ट संपली की थांबावे.

मी कर्जत स्टेशनात तारमास्तर होतो. घर गावातलेच. वडील शाळेत शिकवीत, त्यामुळे इंग्रजी घरात मिळाले आणि खेड्यातली बोली ओढ्यावर, सोबत्यांच्या संगतीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाजवळ आहेत हे कळल्यावर साहेबलोकांनी मला आणखी एक काम जोडून दिले. घाटात काही बिघडले, कोणी जायबंदी झाले, कोणाचे ढोर रुळावर कापले गेले की चौकशी बसे, आणि त्या चौकशीत दुभाषी म्हणून मी उभा राही. दुभाष्याचा नियम सोपा आहे. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचे. त्याने शिवी दिली तर तीही द्यायची. आपल्या पदरचे काही घालायचे नाही, त्याचे काही गाळायचे नाही. दुसऱ्याचा आवाज व्हायचे, बस्स. त्याबद्दल मला पगार मिळत असे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे लागेल.

साऱ्या नोकरीत माझ्या कानावर सर्वांत जास्त पडलेला शब्द म्हणजे 'राइट'. साहेबाच्या तोंडी तो शब्द किती रूपे घेई! कधी हक्क, कधी न्याय, कधी उजवा हात, कधी बरोबर केलेली बेरीज, तर कधी नुसता 'ठीक आहे, जा आता'. आमच्या माणसांनी एवढी उस्तवार केली नाही. त्यांनी त्याचा एकच अर्थ ठेवला, की आता हलायला हरकत नाही. स्टेशनातल्या एका हमालाच्या मुलीचे लग्न होते. भात उतरला तसा हा गृहस्थ मांडवाच्या तोंडाशी येऊन "ऑल राइट!" म्हणून ओरडला आणि सगळी पंगत पाटावर बसली. कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

तर म्हशींची गोष्ट. खालापूरकडचा एक गवळी रोज आपल्या म्हशी रुळांवरून पलीकडे पाण्यावर नेई. त्याच्या बापाच्या काळात रूळ नव्हते, वाट होती. एकदा मालगाडी थांबवावी लागली आणि चौकशी बसली. साहेब म्हणाले, याला इथून जाण्याचा राइट नाही. मी सांगितले, "बाबा, तुझा इथून जायचा हक्क नाही." गवळी म्हणाला, "हक नसंल मास्तर. पर म्हशीला तहान हाय, तिचं काय करू?" मी तेही जसेच्या तसे सांगितले. साहेब हसले, आणि तिथे तारेचे कुंपण घालायचा हुकूम लिहिला.

आमच्या या साहेबांची एक शिस्त होती. जबाब लिहून झाला की तो माझ्याकडून मराठीत वाचून घ्यायचा, आणि मग देणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने 'राइट' म्हणायचे. मान हलवलेली चालत नसे. अंगठा त्यानंतर. गवळी नुसती मान हलवीत होता. मी दोनदा सांगितल्यावर त्याने असा काही खच्चून "राइट!" दिला, की बाहेर मुसाफिरखान्यात बसलेली माणसे गाडी सुटली समजून गाठोडी उचलून धावली. ही माझी हसण्याजोगी गोष्ट. पुढची दुसऱ्या जातीची आहे.

खंडाळ्याहून कर्जतेला गाडी उतरवणे म्हणजे काय, हे आता नवीन मंडळींना सांगावे लागते. त्या वेळी मालगाडीला इंजिनातून सगळीकडे लागणारा ब्रेक नव्हता. ठराविक वाघिणींवर, म्हणजे मालडब्यांवर, एकेक माणूस बसे. त्याच्यापुढे एक लोखंडी चाक. ते फिरवले की खाली लाकडी ठोकळा गाडीच्या चाकावर घट्ट बसे. हे ब्रेकवाले. उन्हापावसात उघड्यावर बसून, शिट्टीच्या हुकमाने चाक आवळायचे आणि सैल करायचे. उतारावर साऱ्या गाडीचा भार या माणसांच्या मनगटांवर असे. आणि इतके करून गाडी सुटलीच, तर वाटेत एक फाटा डोंगराच्या अंगावर चढवून तिथेच संपवला होता. रूळ बदलणारा सांधा नेहमी त्या फाट्याकडे लावलेला असे. गाडी ताब्यात आहे अशी ड्रायव्हरची शिट्टी आली तरच सांधेवाला तिला खालची वाट मोकळी करी. शिट्टी नाही आली तर गाडी फाट्यावर चढून मरायची. खाली स्टेशनात, माणसांत येऊन मरण्यापेक्षा ते बरे, असा त्यातला हिशेब.

उतरण्यापूर्वी वर खंडाळ्याला एक रिवाज होता. प्रत्येक ब्रेकवाल्याने आपले चाक फिरवून पाहायचे, ठोकळा चावतो याची खात्री करायची आणि आपला नंबर घेऊन राइट बोलायचे. इंजिनाकडून सुरुवात. "एक, ऑल राइट! दोन, ऑल राइट!" असे ते मागे मागे जाई आणि शेवटी गार्डापर्यंत पोचे. सगळे नंबर आले की गार्ड हिरवे निशाण दाखवी. एखादा नंबर आला नाही तर गाडी हलायची नाही. बिघाडासाठी वेगळी आरोळी नव्हती. गप्प राहणे हाच बिघाड. नियम करणाऱ्याने तो चांगलाच केला होता. गप्प राहणारा माणूस चुकूनही गाडी सोडणार नाही.

राघू आणि भिवा हे दोघे ब्रेकवाले कुंभिवलीचे. राघू वयाने मोठा, भिवा त्याला दादा म्हणे. नात्याचे नव्हते, पण राघूनेच त्याला नोकरीला चिकटवले होते आणि चाक कसे धरायचे हेही त्यानेच शिकवले होते. भिवाचा नंबर तीन, त्याच्या मागच्या वाघिणीवर राघू, नंबर चार. राघूच्या आवाजाची घाटात ख्याती होती. तो वर बोलला की खाली दरीतली ढोरे माना वर करतात, असे लोक म्हणत.

मग एका पावसाळ्यात त्याचा घसा बसला, तो बसलाच. काढे झाले, मंत्र झाले. शेवटी नुसती वाफ यायची, शब्द नाही. ब्रेकवाल्याला हात असून चालत नाही, आवाज लागतो. साहेबांना कळले असते तर दुसऱ्या दिवशी घरी. आणि घर म्हणजे तरी काय, स्टेशनामागच्या चाळीतली एक खोली. तीही नोकरीबरोबर जायची.

तेव्हा या दोघांनी आपसात एक युक्ती काढली. राघूने चाक फिरवून पाहायचे आणि सगळे ठीक असेल तर लोखंडी कांबीने वाघिणीवर ठोकायचे. ते ऐकून भिवाने आधी आपले राइट बोलायचे, आणि लगेच तोंडापुढे हात धरून, जाड आवाज काढून, "चार, ऑल राइट!" मागचा पाच नंबर ते खुशाल पुढे नेई. सगळ्या ब्रेकवाल्यांना हे माहीत होते. राघूची बायको गंगू हिलाही माहीत होते. ती नवऱ्याच्या फडक्यात भिवासाठी एक भाकरी जास्त बांधून द्यायची. ठाऊक नव्हते ते गार्डाला, साहेबांना आणि मला. यात कोणाला पाप वाटले नाही. एक माणूस दमला की दुसरा त्याचे ओझे उचलतो, त्यातलाच हा प्रकार.

श्रावणातली दुपार होती. घाटात धुके इतके, की वाघिणीवर बसलेल्याला पुढची वाघीण दिसत नव्हती. गाडी भारी, रूळ ओले. राघूने चाक फिरवले ते हातात गरगर फिरत राहिले. खाली ठोकळा तुटून पडला होता.

आता त्याने काय करावे? नियमाप्रमाणे गप्प राहायचे. पण राघू तर नेहमीच गप्प असे, आणि अलीकडे ठोका उशिरा आला तरी भिवा सवयीने बोलून टाकी, म्हणजे त्याच्या गप्प राहण्यातूनही त्याचे राइट बाहेर पडत असे. गाडी सुटू नये म्हणून त्याने कांब घेतली आणि जिवाच्या आकांताने वाघिणीवर बडवू लागला. भिवाला ठोके ऐकू आले. आज दादा भारी जोरात आहे, एवढेच त्याच्या मनात आले. ठीक आहे यासाठी त्यांनी खूण ठेवली होती. ठीक नाही यासाठी ठेवायचे दोघांनाही कधी सुचले नव्हते.

"तीन, ऑल राइट!" भिवा बोलला. मग तोंडापुढे हात धरून बोलला, "चार, ऑल राइट!"

मला खाली तार आली ती आधी गाडी खंडाळ्याहून निघाल्याची, आणि मग फार लवकर दुसरी. सांधेवाल्याने आपले काम चोख केले. शिट्टी आली नाही, त्याने वाट मोकळी केली नाही. गाडी फाट्यावर चढली, टोकाला धडकली, आणि पुढच्या वाघिणी जागच्या जागी थांबल्यावर मागच्या त्यांच्यावर चढल्या. चार नंबरची वाघीण मधोमध सापडली. बाकीचे लोक मोडले, खरचटले, पण वाचले. राघूला ट्रॉलीवर घालून कर्जतेला आणले तेव्हा गंगू फलाटावर उभी होती. तिने त्याच्या चेहऱ्यावरचे फडके दुसऱ्या कोणाला काढू दिले नाही, स्वतः काढले आणि स्वतः परत घातले.

चौकशी त्याच आठवड्यात बसली. गार्डाने सांगितले की आपण सगळे नंबर कानांनी ऐकले, चारसुद्धा. मग सरळच होते. ब्रेक तुटलेला असताना चार नंबरने राइट बोलले, म्हणजे चूक मयताची. आमच्याकडे अशी वहिवाट होती की कामावर मेलेल्याच्या बायकोला स्टेशनात पाणी भरायचे काम मिळे आणि खोली तिच्याकडे राही. मात्र चूक मयताची निघाली तर काम नाही आणि खोलीही नाही. गंगूचे कुंभिवलीत कोणी उरले नव्हते. ती खोली हेच तिचे गाव.

पहिल्या दिवसाचे काम उठल्यावर भिवा माझ्या टेबलाशी आला. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला होता. त्याने मला सगळे सांगितले, ठोक्यांचे, राइटचे. मग म्हणाला, "मास्तर, मी उद्या ह्ये साहेबाम्होरं बोललो, तर गंगूवयनीची खोली ऱ्हाईल का?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "तू मात्र तुरुंगात जाशील."

"त्ये जाईन. खोलीचं बोला."

मला खरेच सांगता येत नव्हते. साहेब माणूस वाईट नव्हता, असे मी मनाशी म्हणत होतो. निदान मेलेल्यावरचा खोटे बोलल्याचा डाग तरी जाईल. मी म्हणालो, "खरे सांगितलेस तर दादाचे नाव सुटेल असे वाटते." तो मान हलवून गेला.

दुसऱ्या दिवशी मुसाफिरखान्याच्या बाजूच्या खोलीत साहेब, गार्ड, मी आणि भिवा. दारात ब्रेकवाले दाटीने उभे होते आणि त्यांच्यापुढे गंगू. भिवा बोलत गेला आणि मी बोलत गेलो. तो म्हणाला, "चार नंबरचं राइट मी बोललो." मी इंग्रजीत म्हणालो, चार नंबरचे राइट मी बोललो. तोंड माझे, अपराध त्याचा. हेच तर त्यानेही केले होते, आणि त्याला मात्र पगार नव्हता.

"गाडी हलल्यावर काय झाले?" साहेबांनी विचारले.

भिवा सांगू लागला. "दादा धुक्यातनं पळत आला माझ्या वाघिणीबराबर. हात करत व्हता. तोंड उघडं व्हतं सायेब, मोठ्ठं उघडं, आन् आवाज नाय. तवा मला कळलं ठोके कशाचे व्हते. मी वरडलो, पर गाडीनं उतार धरला व्हता."

"म्हणजे तो खाली उतरला होता? खाली सुरक्षित होता?"

"व्हय. त्याची वाघीण मागनं आली, तवा त्यो तिचा दांडा धरून वर चढला. मी वरडलो, दादा, नगं चढू रं! त्यानं माझ्याकडं बघितलं आन् चढला. कांब घालून चाक अडवाया बघत व्हता."

"का चढला?"

हा प्रश्न मी भिवाला विचारला, कारण विचारणे माझे काम होते. भिवा म्हणाला, "ब्रेक त्याचा व्हता."

दारातले लोक पायांकडे बघत होते. गंगूला हे नवीन होते. नवरा गाडीवर होता आणि मेला, एवढेच तिला कोणी सांगितले होते. तो खाली, जमिनीवर, जिवंत उभा होता, हे ती त्या क्षणी ऐकत होती. मला तिच्याकडे बघवेना. मी साहेबांकडे बघत राहिलो आणि एकेक वाक्य पलीकडे नेत राहिलो.

साहेबांनी टाक खाली ठेवला आणि निकाल तिथेच सांगितला. मयताने आपले व्यंग लपवून नोकरी केली, म्हणून चूक त्याची. भिवाने खोटी आरोळी दिली, म्हणून चूक त्याचीही, आणि त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे. मयताच्या बायकोने उद्या खोली रिकामी करावी. त्यांनी हे रागाने सांगितले नाही. बेरीज बरोबर जुळल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. आणि बेरीज चुकली होती असे मलाही म्हणता येत नव्हते, याचाच मला आजही संताप येतो.

मी ते मराठीत सांगितले. भिवा म्हणाला, "पर खोली..." आणि थांबला. त्याने तुरुंग पत्करला होता तो ज्याच्यासाठी, तेच हातचे गेले होते. खरे सांगितल्याने खोली वाचेल असे त्याला वाटायला माझे कालचे बोलणे कारण होते.

मग मी जबाब वाचून दाखवला. साहेब आपल्या निकालाच्या कागदावर लिहीत होते. मान खाली घालूनच त्यांनी विचारले, "राइट?"

मी म्हणालो, "भिवा, राइट बोल."

भिवाने तोंड उघडले. गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज निघेना. त्याने पुन्हा तोंड उघडले. ते तसेच उघडे राहिले. राघूचे तोंड धुक्यात कसे दिसले असेल ते मला तेव्हा कळले.

साहेबांनी न बघता पुन्हा विचारले, "राइट?"

"राइट हाय," दारातून आवाज आला.

गंगू बोलली होती. पदर तोंडापुढे घट्ट धरून, आवाज जाड करून. खोलीत सगळ्यांनी वळून पाहिले, एक साहेब सोडून. त्यांच्या कानावर शब्द पडला होता, तेवढा त्यांना पुरला. त्यांनी सही केली, कागद पुढे सरकवला आणि शिपायाने भिवाचा अंगठा धरून त्यावर टेकवला. मी काही बोललो नाही. दुभाष्याने आपल्या पदरचे काही घालायचे नसते.

भिवाला शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्याने घाटात तोंड दाखवले नाही. मुंबईकडे कुठे गिरणीत लागला असे ऐकले, खरेखोटे देव जाणे. पुढे नव्या तऱ्हेचे ब्रेक आले आणि राइट बोलायची ती रीतही गेली. आता फक्त गार्ड बोलतो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोली ताब्यात घ्यायला मलाच जावे लागले. गंगूने जमीन सारवून ठेवली होती. बाहेर एक बोचके, त्यावर पालथी घातलेली कढई. मी कुलूप लावले. काही न बोलता परतणे मला जमले नाही. मी विचारले, "गंगूबाई, काल तुम्ही का बोललात? त्याला तुरुंगात घालणाऱ्या कागदावर तुमचाच आवाज गेला."

तिने बोचके उचलून डोक्यावर ठेवले. "मास्तर, त्याचा आवाज निघंना. माझ्या माणसाचा निघत नव्हता तवा त्यो बोलत व्हता. आता फिटलं."

ती दोन पावले गेली आणि थांबली, पण वळली नाही.

"त्याला भेटलात तर सांगा. आता माझ्या दारात येऊ नगं म्हनावं."

दाराची किल्ली माझ्या हातात होती. मी म्हणालो, "सांगतो."